भिलाईचा सेक्टर १० आणि आकाशातून परतीची वाट

मुंबई–हावडा लोहमार्गावर नागपूर मागे पडले की गाडी भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील भाताची खाचरे व तळी ओलांडीत पूर्वेकडे जाऊ लागते. दरेकसाच्या जंगलात महाराष्ट्राची सीमा संपते. डोंगरगडच्या टेकडीवरील बम्लेश्वरीचे मंदिर दृष्टीस पडते आणि आपण छत्तीसगडात आलो, हे प्रवाशास कोणी सांगावे लागत नाही. पुढे राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. नागपूरपासून दुर्गपर्यंतचे अंतर सुमारे २६५ किलोमीटर. वाचकहो, ज्या रुळांवरून आपली गाडी इथवर धावत आली, ते रूळही बहुधा याच गावी घडलेले आहेत; कारण भारतीय रेल्वेला रूळ पुरविण्याचे काम भिलाईचा पोलाद कारखाना कित्येक दशके करीत आला आहे.

या गावाची जन्मकथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि जेथे भाताची शेते व लहान खेडी होती, तेथे दहा लक्ष टन पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराच्या डोंगरातून लोहखनिज आले, नंदिनीहून चुनखडी आली आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, उडिया आणि विदर्भातून आलेली आपली मराठी कुटुंबे एका रांगेतील घरांत राहू लागली. भिलाईस ‘लघु भारत’ म्हणतात ते यामुळेच.

या वसाहतीचे भाग आकड्यांनी ओळखले जातात. सेक्टर ९ म्हटले की गावकऱ्यास इस्पितळ आठवते. सेक्टर १० म्हटले की शाळा. सरळ रस्ते, दोन्ही बाजूंस वाढलेली जुनी झाडे, अंगण असलेली कारखान्याची घरे, आणि सायंकाळी गजबजणारा बाजार. येथे पाणीपुरीस ‘गुपचुप’ म्हणतात, हे मुंबई-पुण्याकडच्या पाहुण्यास प्रथम गमतीचे वाटते. परंतु सेक्टर १०चे खरे वैभव म्हणजे कारखान्याने चालविलेली तेथील उच्च माध्यमिक शाळा. देशातील अग्रगण्य तंत्रशिक्षण संस्थांच्या प्रवेशपरीक्षांत या एका शाळेने मिळविलेल्या यशामुळे तिचे नाव दूरवर गेले. भट्टीवर काम करणाऱ्याचा मुलगा अभियंता व्हावा, हे स्वप्न येथे घराघरांत पाहिले गेले आणि पुष्कळदा खरेही झाले.

आता वाचक विचारतील, अंतराळातून यान परत कसे येते, या विषयाचा या शांत वसाहतीशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो तिहेरी आहे. अतिशय तापलेल्या वस्तूस आवरून धरणे, वापरलेली वस्तू पुन्हा वापरणे आणि घरून दूर गेलेल्याची वाट पाहणे, या तिन्ही गोष्टी भिलाईकरास पाठ आहेत.

वर जाण्यापेक्षा खाली येणे

अभिमन्यूस चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ठाऊक होती, बाहेर पडण्याची नव्हती. अंतराळप्रवासाची स्थिती आरंभी अशीच होती. यान वर पाठविण्याचा गाजावाजा पुष्कळ होतो, परंतु त्याहून अवघड काम परतीचे आहे. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचा वेग तासाला सुमारे २८,००० किलोमीटर असतो. या गतीत केवढी ऊर्जा दडलेली असते, हे भिलाईच्या भाषेत सांगता येईल. एक किलो पोलाद वितळविण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या वीस पटींहून अधिक ऊर्जा कक्षेत फिरणाऱ्या प्रत्येक किलो वजनात साठलेली असते. खाली उतरावयाचे म्हणजे ही सर्व ऊर्जा कोठे तरी टाकून द्यावी लागते. आणि ती यानाच्या अंगातच जिरली, तर यान वितळून वाफ होईल.

मग ती जाते कोठे? ती हवेत जाते. यान प्रथम पाठमोरे होऊन आपले इंजिन प्रवासाच्या उलट दिशेने थोडा वेळ चालविते. त्यामुळे वेग फार कमी होत नाही. २८,००० पैकी अवघा ३०० किलोमीटरच्या आसपास घटतो. परंतु तेवढ्याने त्याचा मार्ग खाली झुकतो आणि पृथ्वीची जवळजवळ अर्धी प्रदक्षिणा करून, सुमारे १२० किलोमीटर उंचीवर ते वातावरणाच्या विरळ थरात शिरते. उरलेला वेग मारण्याचे काम हवा करते, आणि त्यासाठी इंधन लागत नाही.

सामान्य समज असा की हवेच्या घर्षणाने यान तापते. खरे पाहता, यानापुढची हवा बाजूस होण्यास वेळच न मिळाल्याने एकाएकी दाबली जाते आणि त्या दाबानेच ती प्रचंड तापते. सायकलच्या टायरात हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, तोच हा प्रकार. पहिल्या पिढीच्या तंत्रज्ञांना वाटे की यानाचे तोंड भाल्यासारखे टोकदार असावे. १९५१ साली अमेरिकेतील हॅरी ज्युलियन ॲलन यांनी याच्या उलट सिद्ध केले. तोंड बोथट ठेवले तर तापलेल्या हवेचा पडदा यानापासून काही अंतरावर राहतो आणि बहुतेक उष्णता हवेबरोबर वाहून जाते. पाठीवर पाणी घेऊन पडणाऱ्या मुलासारखे बोथट होऊन उतरणे, हेच यानास हितकर ठरले.

उतरण्याचा कोन मात्र नेमका असावा लागतो. तो अधिक तिरपा झाला तर उष्णता आणि दाब सहनशक्तीच्या पलीकडे जातात. फार सपाट झाला तर यान हवेच्या वरच्या थरातच रेंगाळते आणि नेमलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडते. या प्रवासात काही मिनिटे यानाभोवतीची हवा विद्युत्भारित होते व नभोवाणीचा संपर्क तुटतो. जमिनीवर थांबलेल्यांस ती मिनिटे युगासारखी वाटतात.

लाडबोरीस पडलेले कडे

नियंत्रण नसेल तर काय होते, याचा प्रत्यय महाराष्ट्रालाच आला आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, पाडव्याच्या सायंकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळत्या वस्तूंची रांग सरकताना हजारो लोकांनी पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. त्याचा व्यास सुमारे तीन मीटर होता. आसपासच्या गावांत धातूचे पोकळ गोळेही सापडले. ते चीनच्या एका अग्निबाणाचे अवशेष असावेत, असा जाणकारांचा कयास होता. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणारा लोहमार्ग याच सिंदेवाहीतून जातो. भिलाईचा प्रवासी गोंदियास गाडी बदलून तेथे सहज पोहोचेल, इतके हे ठिकाण जवळचे आहे.

एकदा वापरून आकाशात टाकून दिलेला अग्निबाण म्हणजे काय, हे लाडबोरीच्या लोकांस कोणत्याही ग्रंथावाचून कळले. कोट्यवधी रुपयांचे इंजिन, टाक्या आणि यंत्रे एका उड्डाणात संपतात. त्यांतील बहुतेक भाग जळतो, काही समुद्रात जातो, आणि क्वचित एखाद्या गावाच्या शिवारात येतो. मुंबईहून नागपूरला आलेली गाडी प्रवासी उतरताच मोडीत काढावी, असाच हा व्यवहार आहे. यान परत आणून पुन्हा वापरण्याची धडपड ज्यातून निघाली, ती गोष्ट हीच.

उतरण्याचे तीन मार्ग

यान खाली आणण्याचे आजवर तीन मार्ग निघाले आहेत. पहिला कुपीचा. बोथट बुडाची कुपी हवेत वेग गमावते व शेवटी हवाई छत्र्यांनी अलगद उतरते. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन परतले तेव्हा ते सात किलोमीटर उंचीवर कुपीतून बाहेर फेकले जाऊन स्वतंत्र छत्रीने खाली आले. आपले राकेश शर्मा ११ एप्रिल १९८४ रोजी सोयुझ कुपीतून कझाकस्तानच्या माळावर उतरले. ही कुपी जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असताना लहान इंजिने क्षणभर पेटवून आपला आघात सौम्य करते. ज्या देशाच्या तंत्रज्ञांनी भिलाईच्या भट्ट्या उभारण्यास हातभार लावला, त्याच देशाच्या यानातून पहिला भारतीय अंतराळात गेला आणि सुखरूप घरी आला. पुढे १५ जुलै २०२५ रोजी शुभांशु शुक्ला यांची कुपी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरली.

दुसरा मार्ग पंखांचा. १२ एप्रिल १९८१ रोजी अमेरिकेचे ‘कोलंबिया’ हे यान उडाले आणि दोन दिवसांनी विमानासारखे धावपट्टीवर उतरले. परतीच्या प्रवासात त्याची इंजिने बंद असत. पोट पुढे करून, नाक सुमारे ४० अंश वर उचलून ते हवेत शिरे, डावी-उजवीकडे मोठी वळणे घेत वेग मारी, आणि शेवटी प्रवासी विमानाच्या सहापट उतरत्या वाटेने खाली येई. चुकले तर पुन्हा वर जाऊन फेरी मारण्याची सोय नव्हती. सोव्हिएत संघाचे ‘बुरान’ १५ नोव्हेंबर १९८८ रोजी पृथ्वीभोवती दोन प्रदक्षिणा घालून, आत एकही माणूस नसताना, आपले आपण बायकोनूरच्या धावपट्टीवर उतरले. इतके यश मिळूनही ते पुन्हा कधी उडाले नाही.

तिसरा मार्ग इंजिनाच्या जोरावर उभे उतरण्याचा. फाल्कन ९ या अग्निबाणाचा पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये उड्डाण करून परत आला आणि आपल्या पायांवर उभा राहिला. हा टप्पा कक्षेपर्यंत जात नसल्याने त्याचा वेग पुष्कळ कमी असतो. जाळीदार पंखांनी दिशा साधीत तो खाली येतो आणि शेवटच्या क्षणी इंजिन पेटवून थांबतो. मार्च २०१७ मध्ये असाच एक वापरलेला टप्पा दुसऱ्यांदा उडाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘स्टारशिप’चा अवाढव्य खालचा टप्पा तर मनोऱ्याच्या दोन बाहूंनी अधांतरीच झेलण्यात आला.

आपला पुष्पक

भारताने ही विद्या पायरीपायरीने आत्मसात केली. १० जानेवारी २००७ रोजी श्रीहरिकोट्याहून ५५० किलो वजनाची एक कुपी कक्षेत गेली. बारा दिवस पृथ्वीभोवती फिरून २२ जानेवारीस ती बंगालच्या उपसागरात उतरली आणि तटरक्षक दलाने ती हस्तगत केली. तिच्या अंगावर सिलिकाच्या उष्णतारोधक फरशा होत्या. डिसेंबर २०१४ मध्ये माणसे नेण्याजोग्या आकाराची, पावणेचार टनांची कुपी १२६ किलोमीटर उंचीवरून परत आणण्यात आली.

मग पंखांचा प्रयोग झाला. २३ मे २०१६ रोजी सकाळी सात वाजता साडेसहा मीटर लांबीचे, पावणेदोन टनांचे छोटे पंखधारी यान अग्निबाणावर बसून ६५ किलोमीटर उंच गेले. ध्वनीच्या पाचपट वेगाने ते हवेत परत शिरले आणि ७७० सेकंदांत श्रीहरिकोट्यापासून सुमारे ४५० किलोमीटरवर समुद्रातील नेमलेल्या जागी पोहोचले. उष्णता आणि वेग यांची परीक्षा अशी पार पडली.

उतरण्याची परीक्षा कर्नाटकातील चित्रदुर्ग जिल्ह्यात झाली. २ एप्रिल २०२३ रोजी, म्हणजे लाडबोरीच्या घटनेस बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने असे यान साडेचार किलोमीटर उंच नेऊन सोडले. त्याने स्वतःच आपली वाट शोधली व धावपट्टी गाठली. २२ मार्च २०२४ रोजी ‘पुष्पक’ हे यान धावपट्टीच्या रेषेपासून मुद्दाम बाजूस सोडण्यात आले. त्याने चूक ओळखून सुधारली. २३ जून २०२४ रोजी अंतर वाढवून ते रेषेपासून ५०० मीटर बाजूस सोडले गेले आणि वाराही जोराचा होता. प्रवासी विमान तासाला सुमारे २६० किलोमीटर वेगाने उतरते. पुष्पक ३२० हून अधिक वेगाने उतरले. मागे छत्री उघडताच वेग शंभरावर आला, चाकांचे ब्रेक लागले आणि यान रेषेवर थांबले. या तिसऱ्या प्रयोगातील सर्वांत मोलाची गोष्ट अशी की मार्चमध्ये उतरलेला तोच सांगाडा, त्याच यंत्रणांसह, काहीही बदल न करता जूनमध्ये पुन्हा वापरला गेला.

नावही किती समर्पक! रामायणातील पुष्पक विमान श्रीरामास अयोध्येस पोहोचवून आपल्या मूळ धन्याकडे, कुबेराकडे परत गेले. काम करून माघारी येणारे वाहन ही कल्पना आपल्या घरातील आजीबाईंनाही परकी नाही. अर्थात आजच्या पुष्पकाने हवेत शिरणे आणि धावपट्टीवर उतरणे या परीक्षा वेगवेगळ्या दिल्या आहेत. कक्षेतून येऊन थेट धावपट्टीवर उतरणे ही त्यापुढची पायरी आहे आणि तीच सर्वांत उंच आहे.

भट्टीची वीट आणि यानाची फरशी

येथे आपणांस पुन्हा भिलाईकडे वळावे लागेल. यान उतरले म्हणजे काम संपले असे नाही. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. हे यान पुन्हा उडण्यास योग्य आहे काय? या प्रश्नाचे मर्म पोलादनगरीच्या कामगारास जितके कळते, तितके दुसऱ्या कोणास कळणार नाही. वितळलेल्या लोखंडाचे तापमान १,५०० अंश सेल्सिअसच्या घरात असते. भट्टीचे वा बादलीचे बाहेरचे कवच पोलादाचेच; त्यास वाचवितात त्या आतील अग्निविटा. त्या प्रत्येक घाण्यास थोड्या झिजतात. येथे घाण्यास ‘हीट’ म्हणतात आणि बादलीने किती हीट सोसल्या याचा हिशेब राखतात. अस्तर वेळेपूर्वी काढले तर पैसा वाया जातो; एक घाणा जास्त घेतला आणि वीट फुटली, तर लाल रस कवच फोडून बाहेर येतो व माणसांच्या जिवावर बेततो. भिलाईच्या मरोडा भागात अशा विटांचा स्वतंत्र कारखानाच आहे.

अमेरिकेच्या कोलंबियासारख्या यानांवर सिलिकाच्या वीस हजारांहून अधिक फरशा असत. त्या इतक्या हलक्या की त्यांत बहुतांश पोकळीच असे, आणि उष्णता इतकी कमी वाहून नेणाऱ्या की भट्टीतून लाल तापवून काढलेली फरशी काही सेकंदांत कडांनी बोटांत धरता येई. परंतु प्रत्येक उड्डाणानंतर त्या एकेक करून तपासाव्या लागत. आठवड्याला एक उड्डाण करण्याची आशा होती. प्रत्यक्षात तीस वर्षांत १३५ उड्डाणे झाली. तपासणीत महिने जात आणि स्वस्ताईचे स्वप्न पुरे झाले नाही. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी फेसाचा एक तुकडा कोलंबियाच्या डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. १ फेब्रुवारीस परतताना त्या भगदाडातून तापलेली हवा आत शिरली, यान टेक्सासच्या आकाशात भंगले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी लागलेला घाव परतीच्या वाटेवर जीव घेऊन गेला.

म्हणून पुन्हा वापरण्याची विद्या ही केवळ धाडसाची विद्या नव्हे. ती निगराणीची, नोंदवहीची आणि ‘थांबा’ असे वेळेवर म्हणण्याची विद्या आहे. पोलादाच्या कारखान्यात मोडही वाया जात नाही. ती पुन्हा भट्टीत जाऊन नव्या पोलादात मिसळते. परंतु कोणती मोड घ्यावी आणि कोणती वीट काढावी, हे ठरविणारा डोळा अनुभवाने घडतो. वालचंदनगरच्या कारखान्यात अग्निबाणांची कवचे आणि विक्रोळीत त्यांची इंजिने घडविणारे कारागीरही याच परंपरेचे आहेत.

सेक्टर १०च्या शाळेतून बाहेर पडलेली मुले दूरदूर जातात. वसाहतीत अनेक घरी आता वृद्ध आईवडीलच सुटीची वाट पाहताना दिसतात. सर्वांनी परत यावे असा हट्ट कोणी धरू नये. जगात कोठेही उत्तम काम झाले तर ते घरचेच आहे. तरीही परत येण्यास जागा हवी, धावपट्टी हवी. २०१६ साली सुरू झालेल्या भिलाईच्या तंत्रज्ञान संस्थेस कुटेलाभाटा येथे स्वतःची वास्तू मिळाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. ज्या गावाहून विद्यार्थी बाहेर जात, तेथे आता बाहेरचे विद्यार्थी शिकावयास येतात.

वाचकहो, भिलाईस गेलात तर मैत्रीबाग अवश्य पाहा. पण एक सायंकाळ सेक्टर १०च्या झाडांखालीही काढा. सोबत मुले असतील तर त्यांना पुष्पकाची गोष्ट सांगा, आणि यान किती उंच गेले एवढेच विचारून त्यांना थांबू देऊ नका. ते किती वेळा परत आले आणि परतल्यावर त्याची तपासणी कोणी व कशी केली, हेही त्यांनी विचारावे. भट्टीवरून रात्रपाळी संपवून सुखरूप घरी आलेल्या माणसांच्या या वसाहतीत त्या प्रश्नाचा अर्थ त्यांना लवकर उमगेल.